बनाबाईंच्या दारातला फणस

संशयी म्हणून मी आमच्या भावकीत बदनाम आहे, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. माणसानं डोळे उघडे ठेवले की लोक त्याला संशयी म्हणतात. माझी धाकटी बहीण हरणा, हिची चार स्थळं माझ्यापायी फिसकटली असा घरच्यांचा आरोप होता. एका नवऱ्या मुलाचं मनगटी घड्याळ बंद पडलेलं होतं आणि तरी तो सारखा त्यात बघत होता. एका घरानं नुसत्या दर्शनी भिंतीला चुना मारला होता. मी मुद्दाम मागं जाऊन बघितलं, तर पोपडे. तिसऱ्या घरची सासू हरणाच्या हातांकडंच बघत होती, तोंडाकडं एकदाही नाही. चौथ्यांचं काय होतं ते आता आठवत नाही, पण काहीतरी होतंच.

वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो तात्यांचा, म्हणजे आमचे चुलते भाऊसो यांचा. पंचाहत्तर सालच्या चैत्रात पाटणकडचं एक स्थळ सांगून आलं, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून बजावलं.

"आकाराम, पोरगी पंचविशीला टेकली. ह्या बारीला खोड काढलीस तर गाठ माझ्याशी हाय."

"मग काय डोळे मिटून येऊ?"

"उघडं ठेव, पर त्वांड मीट."

हरणा दारात उभी राहून हसत होती. "न्या की त्याला, तात्या. त्यानं बघितल्याबिगर मला चैन पडायचं न्हाई." हे ती चेष्टेनं म्हणाली का मनापासून, ते कळलं नाही. जीव होता माझा तिच्यावर. ती चांगल्या माणसाच्या हाती पडावी एवढंच मला हवं होतं, मग जगानं मला किरकिऱ्या म्हटलं तरी बेहत्तर.

मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझा विषय भूछत्रं. पावसात उगवून दोन दिवसांत सडणारी नव्हेत. झाडाच्या बुंध्यावर वर्षानुवर्षं वाढणारी, लाकडासारखी टणक. फणसावरच्याला आपल्याकडं फणसांबा म्हणतात, तान्ह्या पोराचं तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावतात. ह्या जातीचा एक नियम आहे आणि तो ती मोडत नाही. पाठ आभाळाकडं, पोट जमिनीकडं. पोटाला बारीक भोकं असतात, त्यांतून बीजाची पूड खाली झडते. म्हणून झाड उभं असेल तर हे भूछत्र खोडावर फडताळातल्या फळीसारखं आडवं असतं. झाड कोसळलं तर ते खोडाबरोबर कलंडतं, पण त्याच्यावर चढणारा पुढचा थर वळतो आणि पुन्हा जमिनीला समांतर होतो. वर्षाला एक थर. रानात पडलेलं झाड किती सालांपूर्वी पडलं, हे मी एवढ्यावरून सांगू शकतो. आजवर चुकलेलो नाही.

कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही दोघं दुपारच्या आत त्या गावी उतरलो. एस.टी.च्या थांब्यावर जोतीराम नावाच्या माणसाचं चहाचं खोपटं होतं. तात्या तंबाखू मळत बसले, तेवढ्यात मी चौकशी केली. मुलगा मानसिंग, पलटणीत होता, आता घरची शेती बघतो, घरात आई बनाबाई, एक बहीण लग्न होऊन गेलेली, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

"पोरगं कसं आहे?"

"चांगलं हाय की," जोतीराम म्हणाला. "आता हिंडतंय, फिरतंय."

"आता म्हणजे? आधी काय होतं?"

त्यानं गाळणं झटकलं. "आता म्हंजे आता. च्या घ्या, निवंल."

माझ्या कपाळावरची शीर तिथंच उडायला लागली. पण तात्यांनी डोळे वटारले आणि मी चहा घेतला.

बनाबाईंचं घर गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला होतं. कौलारू, सारवलेलं, दारात मोठं अंगण. अंगणात फणसाचं जुनं झाड. बुंधा एका माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा, आणि अंगाखांद्यावर कोवळे फणस लगडलेले. घराच्या भिंतीत मधोमध एक पट्टा नव्या विटांचा होता. मी तिकडं बघतोय हे बनाबाईंनी हेरलं.

"भूकंपात गेली भित्ताड," त्या म्हणाल्या. "कोयनेच्या. सात वर्सं झाली."

त्या खोऱ्यात भिंत न पडलेलं घर सापडणं कठीण, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. मानसिंग बाहेर आला. उंच, सावळा, हळू बोलणारा. त्यानं आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, तेही स्वतः. मग माझ्याशेजारी बसून जरा लाजत विचारलं, "त्यास्नी चुलीचा धूर सोसतो का? सोसत नसंल तर धुराडं बसवून घेतो." चार स्थळं बघितली होती मी. हरणाला काय सोसतं हे विचारणारा हा पहिलाच. मला तो आवडला. उगाच खोटं कशाला सांगू?

जेवणं झाल्यावर बनाबाईंनी आमच्यासाठी घोंगडी अंथरली. "आडवं व्हा जरा, पावणं." मानसिंग मात्र सोप्यातल्या लाकडी मेढीला पाठ लावून ताठ बसला. तात्यांनी त्यालाही जरा लवंडायला सांगितलं, तर उत्तर बनाबाईंनी दिलं. "आमचा मानसिंग आडवा हुईत न्हाई."

"पोरगं आळशी न्हाई बघ," तात्या माझ्या कानात कुजबुजले आणि घोरायला लागले.

मला झोप नव्हती. मी अंगणात आलो. फणसाच्या बुंध्यावर भूछत्रं दिसत होती, आणि ती बघितल्याशिवाय परत जाणं माझ्या हातून होणार नव्हतं.

भूछत्रं उभी होती. फळीसारखी आडवी नव्हेत. माणसाच्या डोक्याला कान असावेत तशी, खोडाला बाजूनं चिकटलेली आणि उभी. मी खाली बसलो. मान तिरकी करून बघितलं, तेव्हा कुठं ती बरोबर दिसायला लागली. जुने थर पाच होते, पाचही उभे. त्यांच्या कडेवर मात्र दोन नवे थर काटकोनात वळलेले होते, जमिनीला समांतर, नियमाप्रमाणं.

मी खिशातलं भिंग काढलं. पुन्हा मोजले. पाच आणि दोन.

म्हणजे हे झाड पाच वर्षं जमिनीवर पडून होतं. आणि गेली दोन वर्षं उभं होतं.

असं होत नाही. मी बुंध्याभोवती फिरलो. पलीकडच्या अंगाची साल पूर्ण गेलेली होती आणि उघड्या लाकडात बारीक खडे रुतलेले होते, पार वरपर्यंत, माझा हात पोचणार नाही तिथंही. आणि उलट्या अंगाला, त्याच्याही वर, दोन पुरुष उंचीवर, लाकडाचा हातभर तुकडा झिजून गुळगुळीत झाला होता. लोक बसून बसून देवळाची पायरी झिजते तसा. तिथं कोण बसणार?

धरणाच्या कामावरची क्रेन आणून कुणी झाड उभं केलं असेल, असंही मनात आलं. पण त्या घरापर्यंत बैलगाडीचीच वाट होती. मुळाशी उकरलेलं नव्हतं, टेकू नव्हता, दोराचा वळ नव्हता. आणि मुळं उपटलेला फणस पाच वर्षांनी उठून असा लगडेल, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

"काय बघताय, मास्तर?"

बनाबाई मागं उभ्या होत्या. त्यांच्या पायांचा आवाज आला नव्हता.

"हे झाड कधी पडलं होतं का?"

"पडल्यालं झाड उभं ऱ्हातंय व्हय?" त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या भिंगाकडं बघितलं, मग सोप्याकडं. मानसिंग तसाच बसलेला होता. त्याची मान एका बाजूला कलायला लागली होती. "मानसिंगा!" त्यांनी हाक मारली, आणि ती हाक चांगली खणखणीत होती. तो दचकून सरळ झाला.

तेवढ्यात तात्या उठून बाहेर आले. "आकाराम, झाड बघाय आलाईस का पोरगं?"

निघताना मी एक भूछत्र चाकूनं सोडवून पिशवीत टाकलं. बनाबाईंनी ते बघितलं, पण हरकत घेतली नाही. देण्याघेण्याचं निघालं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "भांडी द्या, नगा दिऊ, तुमची खुशी. पर पलंग-गादी दिऊ नगा. ती आमच्या घरात चालत न्हाई."

तात्यांना आनंद मावेना. पलंग-गादीवरून ज्या काळात वरात अडायची, त्या काळात ही बाई आपण होऊन नको म्हणत होती. गाडीत बसल्यापासून त्यांचा एकच धोशा. असली माणसं दिवा घेऊन शोधली तरी मिळायची न्हाईत.

मी घरी गेल्यावर तोंड उघडलंच. का मिटू? भर सोप्यात सगळ्यांसमोर ते भूछत्र ठेवलं आणि थर दाखवले. तात्यांनी आधी भूछत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग ते पोट धरून हसायला लागले. "भावकीत काय सांगू रं? कुत्र्याची छत्री वाकडी उगावली म्हनून लगीन मोडलं म्हनू?" आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ह्या बाबतीत मी एकटा पडलो तो पडलोच.

हरणा संध्याकाळी परसात आली. ते भूछत्र तिनं हातात घेऊन उलटसुलट केलं.

"म्हंजे झाड पडलं, आनि मागनं उठलं."

"असं होत नाही, हरणे."

"मग तुझं चुकलं असंल."

"माझं चुकलेलं नाही."

"मग उठलं असंल." तिनं भूछत्र माझ्या हातात दिलं. "पडून ऱ्हान्यापरीस उठल्यालं बरं की. तो कसा हाय, त्यवढं सांग."

मला धुराड्याची गोष्ट सांगावी लागली. ती ओठ दुमडून हसली आणि पायानं माती उकरत राहिली. त्या हसण्यापुढं माझ्या पाच आणि दोन थरांचं काही चाललं नाही.

वैशाखात लग्न झालं. पलंग-गादीशिवाय.

श्रावणात नागपंचमीला मी मुराळी होऊन तिला आणायला गेलो. नव्या नवरीला माहेरी न्यायला भाऊ जातो, तो मुराळी. संशय माझ्या मनातून गेला नव्हता, म्हणून आधी फणस बघितला. होता तसाच उभा होता. हरणा मात्र खुलली होती. अंगानं भरली होती, आणि चुलीवर धुराडं बसलेलं होतं. बनाबाईंबद्दलही तिची तक्रार नव्हती. माहेरी आल्यावर आईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा एक गोष्ट तेवढी बाहेर आली.

"ते पाठ टेकत न्हाईत, आई."

"म्हंजे?"

"रातभर भित्तीला टेकून बसत्यात. मान कलंडली की सासूबाई हाका मारत्यात. मी इचारलं तर म्हनत्यात, पलटनीतली सवं हाय." हरणाचे डोळे भरून आले. "किती दमत्यात दिसभर. जीव तुटतो माझा. घरात हातरायला धड कायबी न्हाई म्हनून तर न्हाई नव्हं झोपत?"

दुसऱ्या दिवशी तिनं पिंजाऱ्याला बोलावलं. शेवरीचा कापूस पिंजून लाल पट्ट्यांची जाड, मऊ गादी भरून घेतली. मी हटकलं. "सासूबाई नको म्हणाल्या होत्या."

"देन्याघेन्यात नगं म्हनल्या हुत्या. ही मी माज्या नवऱ्याला नेतीया."

"हरणे, ऐक माझं. नेऊ नको."

"का?"

का, ते मला सांगता येईना. भूछत्राचे थर आणि ही गादी, ह्यांचा एकमेकांशी काय संबंध? माझ्या मनात काहीतरी जुळत होतं, आणि ते मी स्वतःशीसुद्धा पुरतं बोललो नव्हतो.

"तू आनि तुजी भूछत्रं," ती म्हणाली आणि गादीला शेवटचा टाका घातला.

गणपतीच्या आधी तिला पोचवायला मीच गेलो. मेणकापडात गुंडाळलेली गादी मीच एस.टी.च्या टपावर चढवली आणि थांब्यावर खांद्यावर घेतली. जोतीरामनं खोपटातून बघितलं. तो काहीतरी बोलायला पुढं आला, मग थांबला आणि आत गेला.

घरी मानसिंग एकटाच होता. बनाबाई लेकीकडं बाळंतपणाला गेल्या होत्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार होत्या. मानसिंगच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. इतके दिवस त्याला हाका कुणी मारल्या असतील, हा विचार माझ्या मनात आला. दाराला लागून एक पितळी घागर होती आणि तिच्या काठावर दोरीनं बांधलेली पळी. दोरीचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला होतं. मान कलली की वाजायची. स्वतःच केलेली सोय असावी.

हरणानं ती दोरी सोडून टाकली. दिवेलागणीला तिनं आतल्या खोलीत गादी अंथरली. मानसिंग उंबऱ्यात उभा राहिला. मग खाली बसून त्यानं गादीवर तळवा ठेवला. तळवा आत रुतला.

"आडवं झालं तर चालंल?" त्यानं विचारलं. लहान पोरानं विचारावं तसं. "आई न्हाई म्हनती."

"आई हाईत कुठं आज?" हरणा म्हणाली. "पडा की घटकाभर."

मी सोप्यातून बोललो, "मानसिंगराव, बनाबाईंना येऊ द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, भीती दिसली नाही. नुसती झोप दिसली, वर्षानुवर्षांची. मग हरणानं दार लोटलं.

आतून एक उसासा आला. पाठ जमिनीला लागली की दमलेला माणूस टाकतो तसा. मी बाहेर फणसाकडं बघितलं. झाड उभं होतं. माझं मलाच हसू आलं. एवढा शिकलेला माणूस मी! पांघरूण घेतलं आणि झोपलो. रात्री पाऊस नव्हता, वारा नव्हता. कसलाही आवाज झाला नाही. माझी झोप सावध असते, हे मी शपथेवर सांगतो.

सकाळी राखुंडी घेऊन अंगणात आलो. तोंडात बोट तसंच राहिलं.

माझ्यासमोर गुडघ्याच्या उंचीवर भूछत्रं होती. जुने पाचही थर आडवे. पाठ आभाळाकडं, पोट जमिनीकडं. पुस्तकात असतं तसं सगळं.

आधी मला ते बरोबरच वाटलं.

मग मी मान वर केली.

फणस अंगणभर आडवा पडला होता. शेंड्याच्या फांद्या नव्या विटांच्या पट्ट्याला टेकल्या होत्या, पण गिलाव्याचा टवकासुद्धा उडाला नव्हता. पानं नव्हती. फांद्या वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. उपटलेल्या मुळांत वारूळ होतं, जुनं, माणसाच्या कमरेएवढं. खोडाच्या कडेनं गवत वाढलेलं होतं आणि गवतातून मुंग्यांची वाट गेलेली होती.

मी एक काडी मोडली. कोरडी ठणठणीत.

कुंपणाच्या बेड्यातून बनाबाई आल्या. काखेत गठुळं होतं. झाड बघून त्या ओरडल्या नाहीत, धावल्याही नाहीत. त्यांनी गठुळं खाली ठेवलं.

"गादी आनलीसा व्हय, मास्तर?"

मी मान हलवली.

त्या चालत आल्या आणि खोडावर बसल्या. न बघता, बरोबर त्या झिजलेल्या, गुळगुळीत जागेवर. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिथून आतल्या खोलीचं दार समोर दिसत होतं. "मागल्या बारीला पाच वर्सं हितंच बसले हुते मी, मानसिंग उठंस्तवर."

"पोरगी आत हाय?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडं वळलो, तेवढ्यात ते आतून हळूच उघडलं. हरणा उंबऱ्यात आली. न्हाऊन केस मोकळे सोडलेले, कपाळावरचं कुंकू आत्ताच लावलेलं, अजून ओलं. तिनं अंगणाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, दादा," ती म्हणाली. "हू का चू न्हाई. लय गाढ झोप लागलीया त्यास्नी."